कढईचे तोंड पलीकडे

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

तोंडी सांगितलेले कोर्टात टिकत नाही, लिहिलेले टिकते, हे मी बांधाच्या दाव्यात शिकलो. सबब आजपासून घरात जे जे संशयास्पद घडेल ते तारखेसह लिहून ठेवण्याचे मी ठरविले आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. तथापि ती त्या काळची चौथी होती. ज्याचे जे बोलणे असेल ते अशुद्ध असले तरी जसेच्या तसे लिहीन. साक्षीत सुधारणा करू नये.

आज सकाळी शेवंतीला पाणी देऊन मळ्यातून परत आलो, तो आमच्या गच्चीवर मोठी कढई दिसली. जर्मन धातूची, लग्नकार्यात भजी तळायची. ती पालथी नव्हती, उताणीही नव्हती. ती खाटेच्या मोडक्या पायांना बांधून काठावर उभी केली होती. तिच्या पोटातून लाकडी उलथन्याचा दांडा बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला बोटाएवढे काही यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले होते. तेथून निघालेली तार खिडकीतून आत गेली होती. चि. वाल्मीक हातात सुतळी घेऊन कढईची खोली मोजत होता.

मी विचारले, "हे काय आहे?"

"नेटसाठी आहे, आबा. मंजूच्या कामासाठी."

"भजी तळण्याच्या भांड्याचा आणि कामाचा संबंध काय?"

"आपल्यापर्यंत तार येत नाही ना. मग हवेतून घ्यायचं. कढईत तोंड घालून बोललं की आवाज कसा एका जागी गोळा होतो, तसं ते गोळा होतं."

"काय गोळा होते?"

तो सुतळी गुंडाळू लागला. "नेट," म्हणाला.

आधी माझ्या छत्रीला आतून चंदेरी कागद चिकटवून पाहिला होता, तो प्रयोग फसला, असेही त्याने सांगितले. छत्री विचारल्याशिवाय घेतली होती. याची नोंद असावी.

कारण असे सांगण्यात येते. सूनबाई मंजुषा नाशिकला कॉलेज रोडवर एका ऑफिसात कॉम्प्युटरवर टायपिंगचे काम करते. पाळी संध्याकाळी सुरू होऊन उशिरा संपते आणि मखमलाबादच्या पुढे आमच्या मळ्यापर्यंत त्या वेळी वाहन नसते. ऑफिसने सांगितले आहे की नेट असेल तर काम घरून करा. नसेल तर एक डिसेंबरपासून सिडकोत खोली घेऊन तिघांनी तेथे राहायचे, म्हणजे वाल्मीक, सूनबाई आणि नात आरोही. हे मला दिवाळीतच सांगण्यात आले होते. जाणाऱ्याला कोणी धरून ठेवलेले नाही, असे मी तेव्हा उत्तर दिले. ते योग्यच होते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, पण त्याचे कारण वांगी कडू निघाली हे होते.

आता मुख्य मुद्दा. कढईचे तोंड नाथाच्या घराकडे आहे.

नाथा म्हणजे आमचा धाकटा सख्खा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्याने नांगरताना बांध आमच्या बाजूला सरकवला. तो म्हणतो, मी सरकवला. तेव्हा पंचांसमक्ष मी शब्द टाकला की या घरचे पाणी किंवा विस्तव त्या घरी जाणार नाही आणि तिकडचे इकडे येणार नाही. तेव्हापासून बोलणे नाही. त्याचे घर येथून हाकेच्या अंतरावर आहे, मध्ये फक्त दोन शेते आणि बांधावरचे जांभळाचे झाड.

मी वाल्मीकला विचारले, "तोंड त्याच दिशेला कशासाठी?"

"तिकडं टॉवर आहे, आबा," असे तो कढईकडे पाहत म्हणाला. माझ्याकडे पाहत म्हणाला नाही.


बुधवार, ८ नोव्हेंबर

आज चालत जाऊन पाहून आलो. नाथाच्या घरापलीकडे डोंगर दिसेपर्यंत कोणताही टॉवर नाही. एक पाण्याची टाकी आहे.

सौ. नवसाबाई बाजाराला गेली होती. ती गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार कधीही चुकवत नाही. मेथी मातीमोल झाली तरी जुड्या घेऊन जाते आणि अंधार पडता पडता परत येते. येताना आज कैरीच्या लोणच्याची बरणी आणली. लोणचे उत्तम होते. आमच्या आईच्या हाताची चव त्याला होती. मी म्हणालो, "बाजारात असे लोणचे मिळत असेल तर घरी घालण्याचा खटाटोप कशाला?"

सौ. म्हणाली, "मिळतं कधीमधी. तुम्ही खा की मुकाट."


शनिवार, ११ नोव्हेंबर

मागच्या खोलीत सूनबाईचा कॉम्प्युटर मांडला आहे. संध्याकाळी चहाची कपबशी ठेवण्याच्या निमित्ताने आत जाऊन पाहणी केली.

ती कानांवर दोन वाट्यांसारखे काही लावून बसली होती. टेबलाखाली शिलाई मशीनसारखे एक पायडल होते. पाय दाबला की ती ऐके, पाय उचलला की थांबे, आणि ऐकलेले भराभर लिहून घेई. एकच बोलणे मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकत होती. साक्षीदार असा ऐकतो.

"काय ऐकता, सूनबाई?"

तिने एक वाटी कानावरून बाजूला केली. "डॉक्टरांचं बोलणं, आबा. ते बोलून ठेवतात, मी लिहून पाठवते."

"आजारी कोण आहे?"

"इथलं कोणी नाही. अमेरिकेतले पेशंट."

अमेरिकेतील डॉक्टरला लिहिता येत नाही आणि त्यासाठी मखमलाबादच्या सुनेची गरज लागते, हे मला पटले नाही. त्याच वेळी त्या बाजूला केलेल्या वाटीतून मी स्वतःच्या कानांनी एक आवाज ऐकला. कोणी पुरुष खोकत होता.

नाथाला लहानपणापासून खोकला आहे.


शुक्रवार, १७ नोव्हेंबर

डोळ्यांचा दोष नको म्हणून चष्मा पुसून दोनदा पाहिले. नाथाच्या गच्चीवरही कढई उभी आहे. वाटणीत आईच्या दोन कढया होत्या, एक इकडे आली, दुसरी तिकडे गेली. ती दुसरी हीच. तिचे तोंड आमच्या घराकडे आहे.

आता सर्व स्पष्ट झाले. कढईत बोलणे गोळा होते, हे वाल्मीकने स्वतः कबूल केलेले आहे. आमची कढई तिकडचे बोलणे धरते आणि तिकडची कढई आमचे. सूनबाई लिहून घेते. इकडे वाल्मीक आणि तिकडे नाथाचा मुलगा अमोल, जो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला आहे, असे दोघे सामील असले पाहिजेत. परवा दोघांना बांधाजवळ बोलताना पाहिले. मला पाहून अमोलने नमस्कार केला. निर्दोष माणूस इतका वाकून नमस्कार करीत नाही.

हेतू काय असावा? दोन्ही बाजूंचे बोलणे जमवून बांध मोडायचा, दोन्ही मळे एक करून प्लॉट पाडणाऱ्यांना विकायचे आणि सिडकोत राहायला जायचे, असा माझा तर्क आहे. माणूस आधी घरातून जातो आणि मग जमीन जाते.

मी घरात हळू बोलू लागलो आहे. सौ. म्हणाली, "घसा बसला का? काढा देते." मी खुणेने नको म्हणालो.


मंगळवार, २१ नोव्हेंबर

तर्कावर दावा उभा राहत नाही. पुरावा लागतो. आज सापळा लावला.

सायंकाळी एकटा गच्चीवर गेलो आणि कढईसमोर उभा राहून मोठ्या आवाजात, शब्द सुटे करून म्हणालो, "येत्या शुक्रवारी सकाळी बांधावरचे जांभळाचे झाड मी तोडणार आहे. माणसे ठरली आहेत."

हे अर्थातच खोटे होते. ते झाड वडिलांनी लावलेले आहे. बांध मुळात कोठे होता याची तीच एक खूण उरली असून, ते तोडणे म्हणजे स्वतःचा पुरावा तोडणे होय. दावा सुरू झाल्यापासून दोन्ही घरांतील कोणी त्याची जांभळे तोडीत नाही. पाखरे खातात. परंतु ही गोष्ट मी या कढईशिवाय कोणासही सांगितलेली नाही. शुक्रवारी नाथा झाडापाशी आला, तर कढई ऐकते हे सिद्ध होईल.

खाली उतरताना सौ. जिन्यात उभी होती. मिरच्या गोळा करायला आली होती.

"कोणाशी बोलत होता?"

"कोणाशीही नाही."

"मग झाड कोण तोडणारे?"

"तो तुझा विषय नाही."

ती खाली उतरून गेली. मिरच्या मात्र तिने तशाच वर विसरल्या. उद्या बुधवार, बाजाराची गडबड.


शुक्रवार, २४ नोव्हेंबर

सिद्ध झाले.

सकाळी मी मक्याच्या आड उभा राहिलो. ऊन नीट वर येण्याआधीच नाथा आला. हातात काठी, गळ्याला मफलर. सोबत कोणी नाही, कोयता नाही, कुऱ्हाड नाही. झाडाभोवती एक फेरी मारून त्याने वर पाहिले आणि बुंध्याला पाठ लावून बसला. तोडणारी माणसे कोठून येतील, तिकडे तोंड करून. माणसे येणारच नव्हती. तो दुपारपर्यंत बसला. मध्ये त्याची बायको कुसाबाई भाकरी घेऊन आली. तिने घरी चलण्यासाठी हात केला असावा, त्याने मान हलवली. तो पुष्कळ खोकत होता.

अकरा वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिले नव्हते. त्याची मान बारीक झाली आहे. याचा दाव्याशी संबंध नाही, केवळ निरीक्षण म्हणून नोंदविले.

घरी येऊन मी कोणालाही न विचारता गच्चीवर गेलो, सुतळ्या कापल्या, तार उपटली आणि कढई खाली आणून कोठीत ठेवली. खिडकीतून सूनबाईचा आवाज आला, "आबा, नेट गेलं का हो?"

मी म्हणालो, "गेले."


शनिवार, २५ नोव्हेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहावा लागेल.

वाल्मीक सकाळी ओसरीत येऊन म्हणाला, "आबा, काल मंजूच्या सगळ्या फायली ऑफिसनं काढून दुसरीला दिल्या. तिनं तिथं काय सांगायचं?"

"सांगावे की कट उघडकीस आला."

"कसला कट?"

मी क्रमाने सर्व सांगितले. टॉवर नसणे, पायडल, खोकला, समोरची कढई, सापळा आणि झाडाखाली बसलेला नाथा. वाल्मीक ऐकता ऐकता पायरीवर बसला. तो हसला नाही. हसला असता तर मला उत्तर देता आले असते.

सूनबाई आतून त्या वाट्या घेऊन आली, कॉम्प्युटरजवळ बसवून माझ्या कानांवर चढवल्या आणि पायडल दाबले. एक माणूस घाईघाईने बोलत होता, दक्षिणेची घाई झालेला भटजी मंत्र म्हणतो तसा. मध्ये दार वाजले, कागद फडफडले, तो खोकला आणि पुन्हा सुरू झाला. मला एकही शब्द कळला नाही.

"हे नाथाकाका वाटतात का, आबा?" सूनबाईने विचारले. "काका इंग्रजी कधी शिकले?"

मी वाट्या काढून ठेवल्या. "नाही," म्हणालो.

"कढईला बोलणं ऐकू येत नाही. ती फक्त नेट धरते. हे आधीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं होतं, म्हणून ऐकवता आलं. नवं काही येणार नाही आता."

"आणि हे नेट येते कोठून?"

वाल्मीक आणि ती एकमेकांकडे पाहू लागले. मग तिनेच सांगितले. "टेलिफोनची तार नाथाकाकांच्या घरापर्यंत आलीय. पुढे खांब नाहीत. अमोलभाऊजींनी त्यांच्या घरी नेट घेतलं. ते इकडे यावं म्हणून त्यांच्या गच्चीवर तशीच कढई बसवली. दोन्ही कढया समोरासमोर असल्या तरच चालतं. काकांना विचारलं तर म्हणाले, खुशाल घ्या. एकच अट घातली."

"कोणती?"

"दादाला सांगू नका. कळलं तर तो घेऊ द्यायचा नाही."

म्हणजे पंधरा-वीस दिवस त्या घरची वस्तू या घरात येत होती, आणि मी या छपराखाली बसून जेवत होतो.

वाल्मीक उठला. "मंगळवारी जाऊन सिडकोतल्या खोलीचं पक्कं करून येतो. आरोहीच्या शाळेचंही तिकडंच बघतो. रोज उठून कोर्ट नको, आबा."

मी म्हणालो, "जशी तुमची इच्छा."

सायंकाळी गच्चीवर जाऊन पाहिले. समोरच्या गच्चीवरची कढईही उतरवलेली होती. ती मी उतरवण्यास सांगितलेली नव्हती.

नाथाला झाडाची गोष्ट कळली कशी, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. कढई ऐकत नसेल तर कोण ऐकते? याची चौकशी चालू ठेवली पाहिजे.


सोमवार, २७ नोव्हेंबर

मोतीराम फवारणीचा पंप मागायला आला. बांधावरच्या पंचांपैकी तोच एक हयात आहे. मी त्याला बसवून रीतसर विचारले, "त्या दिवशी माझे शब्द नेमके काय होते?"

"पाणी नाय अन् विस्तव नाय. अजून कानात हाय माझ्या. लय मोठ्यानं बोलला होता तू."

"हवा?"

"कसली हवा?"

"हवेतून काही आले तर ते त्या शब्दात बसते का?"

मोतीरामने पंप खाली ठेवला. "भिमाजी, वाटणी मी केली. भांडी वाटली, बैल वाटले, विहिरीचं पाणी वाटलं. वारा वाटल्याचं मला आठवत नाय. वारा वाटला असता तर तुझ्या घरची फोडणी त्याच्या नाकात गेली नसती. अकरा वर्सं फुकट वास घेतोय गडी, त्याचा दावा लाव आधी."

"परंतु हे यंत्र विजेवर चालते. वीज म्हणजे विस्तवच की नाही?"

"दिवसातून निम्मा वेळ वीज नसतीया. विझलेला विस्तव तो. धरू नको." मग जाता जाता म्हणाला, "पोरं जाणारेत म्हणं."

"कोण म्हणाले?"

"समद्या मळ्याला ठावं हाय. तूच काय ते उशिरा ऐकतो."

पंचाचे मत लेखी घेता आले नाही, कारण त्याला सही येत नाही. तरी निष्कर्ष असा की शब्दाचा भंग झालेला नाही. सबब कढई परत लावण्यास हरकत उरत नाही. हे मी कोणाच्या जाण्यायेण्याचा विचार करून लिहीत नाही, केवळ न्यायाचा विचार करून लिहितो.


मंगळवार, २८ नोव्हेंबर

वाल्मीक सकाळी मोटारसायकलवर सिडकोकडे गेला. आत सूनबाई भांडी निवडत होती. कोणती न्यायची ती पोत्यात, कोणती ठेवायची ती फळीवर. आरोहीची पुस्तके पोत्यात होती. सौ. चुलीपुढे बसून होती, पण चूल पेटलेली नव्हती.

मी कोठीतून कढई काढली आणि जिना चढलो. दोनदा थांबावे लागले, कारण कढई जड आहे.

खाटेच्या पायांना ती पुन्हा बांधली, उलथने बसवले, यंत्र पिशवीत घातले आणि तार खिडकीतून खाली सोडली. वाल्मीक कोणती गाठ मारतो ते मला ठाऊक नाही. मी पिकअपमध्ये फुलांचे गठ्ठे बांधताना मारतात ती मारली. खालून सूनबाईने काही न विचारता तार जोडली. मग खिडकीतून म्हणाली, "आबा, मला इथं कॉम्प्युटरवर नेटच्या काड्या दिसतात. पाच काड्या आल्या की पुरं झालं. सध्या एकही नाही."

"कशी येईल? पलीकडे कढईच नाही."

मी उभा राहिलो. किती वेळ ते मोजले नाही. मग पलीकडच्या गच्चीवर डोके दिसले, मफलर दिसला, नंतर कढई दिसली. अमोल पाळीवर गेलेला असावा, कारण नाथा एकटाच ती ओढत होता. त्याने ती उभी केली, मागे धरून बसला आणि खोकला.

"एक काडी," खालून सूनबाई म्हणाली. "गेली. पलीकडची जरा फिरवायला हवी, आबा."

मी खाली वाकून म्हणालो, "सूनबाई, पलीकडच्यांना सांगा की कढई जरा डावीकडे घ्यावी."

"मी खिडकीतून कशी सांगू? तुम्हालाच दिसतात ते."

तिचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. मी कोणाचे नाव न घेता, शेतांकडे पाहून मोठ्याने म्हणालो, "डावीकडे."

मग नाथाचा आवाज आला, घोगरा, पण तोच.

"कोणाच्या डावीकडं, दादा? तुझ्या का माझ्या?"

मी विचार केला. आम्ही समोरासमोर तोंड करून होतो. माझी डावी ती त्याची उजवी. या मुद्द्याचा मी आधी विचार केला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. मी म्हणालो, "माझ्या."

"म्हंजे माझ्या उजवीकडं."

"होय."

"मग तसं म्हण ना." त्याने फिरवली.

"दोन काड्या," सूनबाई.

"अजून," मी म्हणालो.

"अजून कुठं? डावी का उजवी?"

"उगवतीकडे," मी म्हणालो, कारण उगवत दोघांचीही एकच आहे. लहानपणी शेतात पाण्याची दारे धरताना वडील आम्हाला उगवत-मावळतच सांगत. त्यानंतर काम सुरळीत चालले. मी "मावळतीकडे तीळभर" म्हणे, तो "तीळभर म्हंजे किती, तुझा तीळ का माझा?" असे विचारी. असे तो पूर्वीही वाकडे बोलत असे, त्यात सुधारणा नाही. एकदा तो म्हणाला की मी कढई वाकडी धरली आहे, ती दात पडलेल्या तोंडासारखी दिसते. मी म्हणालो की ज्याचे दात पडले त्याने दुसऱ्याच्या तोंडाविषयी बोलू नये. तो हसला आणि त्याला पुन्हा खोकला आला. मी थांबलो. खोकला थांबेपर्यंत कढई स्थिर धरून ठेवली.

येथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. सूनबाईने "पाच काड्या" असे बऱ्याच आधी सांगितले होते. ते मी लगेच पलीकडे कळवले नाही, कारण एकदा आलेल्या काड्या टिकतात की नाही याची खात्री करावी लागते. खात्री करण्यास वेळ लागतो.

हे बोलणे नव्हते. कामापुरत्या सूचना होत्या. खाली आलो तेव्हा चूल पेटलेली होती.

वाल्मीक संध्याकाळी आला. मागच्या खोलीत पायडलचा आवाज येत होता. तो दारात उभा राहिला, मग गच्चीवर गेला. खाली येऊन म्हणाला, "गाठी कोणी मारल्या?"

"मी."

"काढायला कोयता लागेल."

"काढण्यासाठी मारल्या नाहीत."

तो आत जाऊन सूनबाईशी हळू बोलला. त्याच्या खिशात सिडकोतल्या खोलीची किल्ली होती, ती त्याने टेबलावर ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मग त्याने खोलीच्या मालकाला फोन केला आणि खोली नको म्हणून सांगितले. समोरचा फार रागावलेला असावा, कारण वाल्मीक पुन्हा पुन्हा "चूक झाली, काका" म्हणत होता. पोते मात्र अजून तसेच दाराशी आहे. पुस्तके तेवढी आरोहीने स्वतः काढून घेतली.


बुधवार, २९ नोव्हेंबर

झाडाची बातमी पलीकडे कशी गेली, याचा छडा लावायचे ठरवून सकाळी सौ. ला समोर बसवले. म्हणालो, "त्या मंगळवारी मी गच्चीवर जे बोललो ते घरातील आणखी कोणी ऐकले होते काय? तुझा कोणावर संशय?"

ती म्हणाली, "वाऱ्यावर गेलं असंल," आणि मेथीची टोपली उचलली. बाजाराची वेळ झाली होती. चौकशी तूर्त थांबविली आहे.


शुक्रवार, १ डिसेंबर

आज ते जाणार होते. गेले नाहीत. पोते सकाळी रिकामे करून कांद्यासाठी घेतले.

न्याहारी करीत होतो, तो बांधाच्या बाजूने हाक आली.

"दादा, ए दादा. तुझी कढई हललीया बघ."

सूनबाई आतून म्हणाली, "आबा, पाचच्या पाच काड्या आहेत. काही हललेलं नाही."

मी बाहेर येऊन पाहिले. झाडाचे पान हलत नव्हते. कढई मी बांधली होती तशीच होती आणि त्या गाठी आपोआप सुटणाऱ्या नाहीत. नाथा आपल्या गच्चीवर उभा होता, मफलर गुंडाळून, हात कढईवर ठेवून. तो धडधडीत खोटे बोलत आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. खोटे बोलताना तो लहानपणीही असाच आभाळाकडे पाहत असे.

तथापि समक्ष पाहणी केल्यावाचून कोणावर आरोप करणे योग्य नव्हे. मी भाकरी झाकून ठेवली, काठी घेतली आणि जिना चढलो.